दोन एकर मीठ

आमच्या शेळगावात समुद्राचा विषय निघायचं खरं तर काही कारणच नाही. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की अंथुर्णे सोडल्यावर शेळगाव फाटा लागतो. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं पुढे निमगाव केतकीला जाते, त्यामुळे वारी केलेल्यांना फाटा तरी आठवत असेल. आमच्याकडे पाणी म्हणजे नीरेचा कालवा, कालव्याचं आवर्तन आणि आवर्तन कधी सुटणार यावर पारावर झडणाऱ्या चर्चा. तसं खारं पाणीही आहे आमच्याकडे, पण त्याचं नाव कुणी कौतुकानं घेत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

झालं असं की माझ्या पुतणीनं, म्हणजे दादाच्या थोरल्या मुलीनं, बारावीनंतर मत्स्यशास्त्राला प्रवेश घेतला. घरात तिला सगळे छकुली म्हणतात आणि तिला ते अजिबात आवडत नाही, त्यामुळे इथेही छकुलीच म्हणतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासूनचं. चार वर्षांची पदवी. गावात बातमी कळल्यावर पहिली प्रतिक्रिया अशी होती की, "मासं धरायला कॉलेज कशाला? भिगवणला जायचं की."

हसू नका, माझी प्रतिक्रिया याहून फार वेगळी नव्हती. मी फक्त ती जरा शुद्ध मराठीत दिली होती. घरातला सॉफ्टवेअरवाला म्हटलं की प्रिंटर दुरुस्तीपासून सीईटीच्या फॉर्मपर्यंत सगळं आपल्याकडेच येतं. तसा छकुलीचा फॉर्मही माझ्याकडे आला. मी न विचारता आधी इंजिनिअरिंगचा भरला. कॉम्प्युटरला पुण्यात कुठे ना कुठे मिळेल, मग माझ्यासारखीच हिंजवडीला लागेल, कंपनीच्या बसचा थांबासुद्धा मी मनातल्या मनात ठरवून टाकला होता. दुसरा फॉर्म तिनं माझ्या शेजारी बसून, प्रत्येक रकाना वाचून, हट्टानं भरून घेतला. "मासे शिकायला चार वर्षं?" असं मी म्हणालो होतो. ती काही बोलली नव्हती.

आता त्या खाऱ्या पाण्याबद्दल.

आमच्या शिवारात खालच्या अंगाला आमचं दोन एकराचं वावर आहे. आजोबांच्या वेळी तिथे ऊस उभा असायचा म्हणतात. मला आठवतंय तेव्हापासून तिथे मीठ फुटलेलं आहे. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा पोपडा येतो, पावसाळ्यात चिखल होतो, आणि पेरलं तर उगवून आल्याबरोबर पिवळं पडतं. तिथल्या विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा नाक मुरडून पितात.

यात आमचं घर काही जगावेगळं नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. पाणी आलं, ऊस आला, आणि काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होईना. भूजल वर चढत गेलं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मात्र वरच राहतं, आणि वर्षानुवर्षं साठत जातं. पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मान नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य होते. त्यांनी आणि तम्हाणे नावाच्या त्यांच्या सहकाऱ्यानं १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक आख्खी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे आमच्या दुखण्याचं निदान होऊन शंभराहून जास्त वर्षं झालीत. पेशंट अजून तसाच.

या दोन एकरांना गेल्या वर्षी गिऱ्हाईक आलं. रस्त्यापासून जवळ आहे, त्याला गोडाऊन बांधायचं होतं, जमीन खारी की गोडी याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं, दोघांचं नाव. दिवाळीआधी विसार द्यायला तो तयार होता. दादा म्हणाला, "तुझं काय म्हणणं?" माझं काय म्हणणं असणार? माझ्या डोळ्यांसमोर फ्लॅटचं कर्ज. माझ्या वाटणीचे पैसे बँकेत भरले तर हप्त्याची सात वर्षं कमी होत होती, एक्सेल शीट करून ठेवली होती मी. "विकून टाक. नाहीतरी त्यात काय पिकतंय?" असं मी फोनवर म्हणालो. मागून छकुलीचा आवाज आला, "काका, थांबा ना जरा." त्यावर दादा आणि मी दोघंही हसलो होतो. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण हसलो होतो.

*

गेल्या ऑक्टोबरात मी, दादा आणि छकुली असे तिघं तिला होस्टेलवर सोडायला निघालो. फलटण, सातारा, कऱ्हाड, मलकापूर आणि मग आंबा घाट. घाटात मी गाडी थांबवली, तहान लागली होती, मागच्या सीटवर एक पाण्याची बाटली होती, ती उघडून चांगला मोठा घोट घेतला आणि तिथेच थुंकला. छकुली ओरडली, "काका! ते सॅम्पल आहे!"

बाटलीवर पट्टी चिकटवलेली होती. 'खालची विहीर', तारीख, वेळ. पोरगी दोन एकरातलं पाणी घेऊन समुद्राला चालली होती. काशीची गंगा रामेश्वराला नेतात, तसं काहीतरी. दादा म्हणाला, "चव घेतलीस न्हवं? मग आता इकायला मोकळा." आम्ही पुन्हा हसलो. ती नाही हसली.

घाट उतरताना एक गंमत मनात आली. आमच्या शेळगावचं पाणी नीरेला जातं, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. म्हणजे सह्याद्रीत जन्मलेलं पाणी जवळचा समुद्र सोडून सगळा देश ओलांडून लांबच्या समुद्राला जातं. आम्ही तिघं आणि एक बाटली उलट्या दिशेनं निघालो होतो.

आणि समुद्राशी आमचा संबंध नाही असं मी वर म्हणालो, तेही तितकंसं खरं नाही. आमच्या शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावावरून आहे, ते वालचंद हिराचंद साखरेआधी आगबोटींच्या धंद्यात होते. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि १९६४ पासून तो दिवस देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. मी शाळेत असताना वालचंदनगरला शेकडो वेळा गेलो असेन. तिथल्या कारखान्याचा भोंगा ऐकला, मळीचा वास घेतला, पण हे नाव आणि समुद्र असं एकत्र कधी डोक्यात आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी परत निघायचा बेत होता. पण होस्टेलच्या नोटीस बोर्डावर नव्या मुलांच्या ओळख-कार्यक्रमाचं वेळापत्रक लावलं होतं आणि त्यात एक ओळ होती: 'समुद्रकिनारा भेट, सकाळी ६.१५.' यूजीसीनं २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी एक मार्गदर्शिका काढली, 'दीक्षारंभ' नावाची. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यात असं काही ना काही असतं. थांबलेल्या पालकांनी यायला हरकत नाही, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. "फक्त चपला नकोत, बूट घाला. आणि मधे मधे बोलायचं नाही." दुसरी सूचना बहुधा माझ्याकडे बघून होती.

माझी स्वतःची अशी ओळख कशी झाली होती ते आठवलं. पहिल्या नोकरीत, एसी हॉलमध्ये, तीन दिवस. कंपनीची मूल्यं, कंपनीचे ग्राहक, पगाराच्या खात्याचा फॉर्म, आणि शेवटी लोगो असलेली बॅग. त्या तीन दिवसांतलं मला आज फक्त जेवण आठवतं. आणि बॅगेची चेन पहिल्याच महिन्यात गेली ते.

इथे पहाटे बस निघाली ती आरे-वारेच्या वाटेवरच्या एका खडकाळ तुकड्याशी थांबली. चाळीसएक मुलं-मुली. त्यांतली निम्मी तरी आमच्यासारखी घाटावरची, कुणी सोलापूरकडची, कुणी मराठवाड्यातली. समुद्र दिसल्यावर पहिली पाच मिनिटं नुसते मोबाईल. मॅडमनी काही म्हटलं नाही. पाच मिनिटं झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "झाले फोटो? आता फोन बसमध्ये."

सव्वासहा का, तर ओहोटी. बरोबर प्रयोगशाळेतले एक मामा आले होते. त्यांना मी विचारलं की वेळ कुठल्या ॲपवर बघता. ते म्हणाले, "ॲप कशाला? आज तिथी काय?" कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे द्वितीया. "दोनची पाऊणपट किती? दीड. दीडला भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेसातच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली." तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, आणि पाऊण तास म्हणजे जवळजवळ तेवढंच. एका ओळीचा प्रोग्राम, कुठलंही अपडेट न लागता पिढ्यान् पिढ्या चालू आहे. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी वर जास्त चढतं आणि खालीही जास्त जातं. म्हणून हा दिवस निवडलेला. आणि पाणी खाली जायच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे उतरत्या पाण्याच्या मागे मागे जाता येतं. पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, भोकात बोट घालायचं नाही, शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तर उचलायचा नाही (त्यातली गोगलगाय विषारी डंख मारते), आणि दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्या खालचा भाग हे कुणाचं तरी घर असतं. हे नियम दोनदा म्हणून घेतले. समुद्रकाकडी तर २००१ पासून कायद्यानं वाघाच्याच यादीत आहे, हे ऐकून एक मुलगा घाबरून दोन पावलं मागे सरकला.

मग खरं काम. चार-चार जणांना प्लॅस्टिकच्या पाइपची एक चौकोनी चौकट दिली, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. ती खडकावर ठेवायची आणि दहा मिनिटं तिच्यात नुसतं बघायचं. "नावं विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "नाव कळलं की तुम्ही बघायचं थांबता. आधी मोजा, आकार लिहा, काय हलतंय ते लिहा. नावं चार वर्षं आहेतच."

उरलेली एक चौकट त्यांनी मला आणि दादाला दिली. "बसा, तुम्हीही."

आता हे मान्य करायला हवं की पहिली दोन मिनिटं मला त्या चौकटीत काहीही दिसलं नाही. ओला, खडबडीत दगड. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की तो खडबडीतपणा म्हणजे दगड नाहीच. शेकडो बारीक बारीक पांढरट सुळके होते, प्रत्येकाला वर झाकण. नंतर कळलं, ते बार्नेकल. खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद. लहानपणी पोहत येतात, एक जागा निवडतात, डोकं दगडाला कायमचं चिकटवतात आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न आत ओढत काढतात. (आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत. :) ) मग एक गोगलगाय दिसली, मग दुसरी, मग एक शंख चालायला लागला, कारण त्याच्या आत खेकडा होता. दहा मिनिटं झाली तेव्हा माझी मोजणी अर्धीही झाली नव्हती.

वरून खाली सरकत गेलो तसे पट्टे दिसायला लागले. सगळ्यात वर नुसत्या बारक्या गोगलगायी, मग बार्नेकल, मग कालवं, मग हिरवं-तपकिरी शेवाळ. कुणी आखून दिल्यासारखे. का? सरांनी सांगितलं की जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केलेला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठीच शिकवतात. त्यानं तिथल्या दोन जातींच्या बार्नेकलमधली एक खरवडून काढली आणि दुसरीचं काय होतं ते बघितलं. वर राहणारी जात खालीही मजेत जगू शकत होती. पण खाली दांडगे शेजारी तिला जगू देत नव्हते. आणि दांडग्यांना वर जाता येत नव्हतं, कारण तिथे ऊन सोसवत नव्हतं. म्हणजे जी वर, वाळल्या दगडावर दिसते, तिला तीच जागा आवडते असं नाही. तिला तेवढंच सोसतं आणि तेवढंच मिळतं, एवढंच.

छकुली माझ्यापासून वीसएक फुटांवर गुडघे टेकून बसली होती. ड्रेस भिजलेला, नाक जवळजवळ पाण्याला टेकलेलं. गेल्या वर्षभरात मी तिला इतकं गप्प आणि इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म आठवला.

*

आणि मग दादानं हाक मारली. "आरं, हिकडं ये!"

दादा कधीच चौकट सोडून वरच्या अंगाला गेला होता, जिथे लाट फक्त शिंतडते. तिथे खडकाच्या खोलगट वाट्या होत्या. काहींत पाणी, काही वाळलेल्या. वाळलेल्या वाटीतून दादानं बोट फिरवलं आणि मला दाखवलं. पांढरा पोपडा.

"मीठ फुटलंय," दादा म्हणाला. "आपल्या खालच्या वावरावानी. डिट्टो."

मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "कुठलं वावर?" आणि दादानं, ज्याला मधे बोलायचं नाही असं बजावलं होतं, त्यानं सगळं सांगितलं. कालवा, ऊस, पाणथळ, पोपडा, विहीर, गिऱ्हाईक. आपल्या जमिनीचं दुखणं त्यानं इतकं नीट कुणाला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलं हळूहळू भोवती गोळा झाली. छकुलीनं सॅकमधून बाटली काढली.

मॅडमनी खिशातून एक पेनापेक्षा जरा जाड नळी काढली. रिफ्रॅक्टोमीटर. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. आत निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे दिसेल तो आकडा. आधी समुद्राचं पाणी: ३४. म्हणजे लिटरमागे साधारण ३४ ग्रॅम मीठ. मग उन्हात आटत आलेल्या एका वाटीतलं: ४१. मग आमच्या बाटलीतलं. दादानं डोळा लावला.

"चार," तो म्हणाला. "चार म्हंजे काय? कमी का जास्त?"

"समुद्राच्या मानानं फारच कमी. उसाच्या मानानं फार जास्त," मॅडम म्हणाल्या.

एका मुलानं लगेच हिशोब मांडला. मग समुद्राच्या पाण्यात सात-आठ पट गोडं पाणी घातलं की झालं की यांच्या विहिरीचं पाणी! मीही मनात तेच म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, "नाही. आजची सहल याच्यासाठीच होती असं समजा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं इंग्रजी जहाज जगभरच्या समुद्रांत फिरलं. त्यावरून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, एकूण मीठ कमी-जास्त असेल, पण त्या मिठात सोडियम किती, मॅग्नेशियम किती, पोटॅशियम किती, हे एकमेकांतलं प्रमाण जवळजवळ तेच. सगळे समुद्र एकमेकांत मिसळत राहतात म्हणून. त्यामुळे समुद्रावर एक आकडा कळला की बाकीचे काढता येतात.

आमच्या विहिरीला हा नियम लागू नाही. तिचं मीठ समुद्रातून आलेलं नाही, आमच्याच मातीतून आणि कालव्याच्या पाण्यातून साठलेलं आहे. त्यात चारचा आकडा नुसती बेरीज सांगतो, बेरजेत काय काय आहे ते सांगत नाही. बहुतेक वेळा अशा पाण्यात पोटॅशियम फार कमी असतं, कारण चिकणमाती ते धरून ठेवते. समुद्राच्या हिशोबानं चार खारटपणाला लिटरमागे ४३ मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम हवं. ते नसेल तर त्या पाण्यात सोडलेली कोळंबी मरते. खारटपणा योग्य असूनसुद्धा मरते.

"कोळंबी?" दादा म्हणाला. "आमच्या वावरात?"

तर मंडळी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हरियाणा-पंजाबच्या खारवट जमिनींवर तळी करून कोळंबी वाढवतात. रोहतकजवळ लाहलीला त्यासाठी सीआयएफईचं, म्हणजे १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मत्स्यशिक्षण संस्थेचं, केंद्रच आहे. २००९ मध्ये व्हेनामी जातीच्या कोळंबीला आपल्याकडे परवानगी मिळाली, आणि ती कमी खारट पाण्यातही वाढते. पोटॅशियम कमी असेल तर बाहेरून घालतात.

छकुलीला हे माहीत होतं. बारावीच्या सुट्टीत तिनं वाचलं होतं. "काका, थांबा ना जरा" याचा अर्थ हा होता.

पण हुरळून जावं असं मॅडमनी काही बोलू दिलं नाही. दादाच्या चेहऱ्यावर तळं दिसायला लागलं तसं त्यांनी भराभर सांगितलं. तळ्याचं पाणी बदलताना ते खारं पाणी सोडणार कुठे? शेजाऱ्याच्या वावरात गेलं तर त्याचंही मीठ फुटेल. रोग आला तर आठवड्यात सगळं तळं रिकामं होतं. बी, खाद्य, वीज, परवानगी, सगळ्याला पैसा लागतो. आणि एका बाटलीवरून कधीही काही ठरवायचं नाही. आवर्तन सुटायच्या आधीचं पाणी, आवर्तनानंतरचं पाणी, उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं, सगळं वेगवेगळं तपासायचं. "कदाचित तुम्हाला कळेल की इथे काही होणार नाही. मग निचऱ्याच्या नळ्या टाका, नाहीतर विका. पण मग तुम्ही बघून विकलेली असेल."

"न बघता इकत होतो आमी," दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, ही त्याची सज्जनता.

पावणेनऊला मामांनी शिट्टी वाजवली. पाणी परत फिरलं होतं. माझी चौकट जिथे होती तिथे घोटाभर पाणी आलं होतं, आणि त्या पाण्याखाली बार्नेकलची सगळी झाकणं उघडली होती. प्रत्येकातून एक बारीक पिसासारखा पंजा बाहेर येत होता, आत जात होता. जे मला तासापूर्वी खडबडीत दगड वाटलं होतं, ते आख्खंच्या आख्खं जेवत होतं.

*

परतीच्या रस्त्यावर दादा कऱ्हाडपर्यंत काही बोलला नाही. कऱ्हाडला चहा घेताना म्हणाला, "त्यो दिवाळीला इसार घिऊन येतोय. काय सांगू?"

मी एक्सेल शीटचा विचार केला. सात वर्षं. फ्लॅट काही पळून जात नव्हता, हप्ताही नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, सात वर्षं काही थोडी नाहीत, आणि मी काही फार मोठ्या मनाचा माणूस नाही. पण मी म्हणालो, "त्याला म्हणावं, एक वर्ष थांब. थांबला तर ठीक, नाही थांबला तर दुसरं कुणी येईल. पोरीला चारी ऋतूंचं पाणी भरू दे."

"आन् काय न्हाई निघालं तर?"

"तर विकू. मी सही करीन."

दादानं बशीत चहा ओतला. "तू तिला कॉम्प्युटरला घालत हुतास," तो म्हणाला.

यावर काय बोलणार?

गिऱ्हाईक काही थांबलं नाही. त्यानं अंथुर्ण्याकडे दुसरी जागा घेतली. हे कळलं तेव्हा एक रात्र मला नीट झोप लागली नाही, हेही लिहून ठेवतो. छकुली दिवाळीला आली, आवर्तनाच्या आधी आणि नंतर तिनं चार चार बाटल्या भरल्या, पट्ट्या लावल्या. आईनं विचारलं की फराळाच्या डब्यांशेजारी हे काय मांडलंय. त्यांतल्या पहिल्या चार बाटल्यांचा प्रयोगशाळेचा निकाल आला, तो तिनं मला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवला. पोटॅशियम: १२. हवं होतं ४३.

मी विचारलं, "म्हणजे नापास?"

तिचं उत्तर आलं, "नापास काय काका, कमी आहे. किती घालावं लागेल आणि दोन एकराला किती खर्च येईल ते काढतेय. एक्सेलमध्ये फॉर्म्युला कसा टाकायचा ते सांगा."

सांगितला. ती दुसरी शीट आता माझ्या सात वर्षांच्या शीटच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये आहे. तिच्यातले उन्हाळ्याचे रकाने अजून रिकामे आहेत.